आरशातला रस्ता

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. पाढे त्यांनी कुणाला शिकवले नाहीत आणि खरं सांगायचं तर त्यांचे स्वतःचेही कच्चेच होते. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्या भागात ज्यांच्या खिशात गाडीची चावी खुळखुळत होती, त्यांतल्या निम्म्याअधिक लोकांनी पहिला क्लच मास्तरांची बोलणी खात सोडलेला होता. "अहो, क्लच आहे तो, राग नाही, हळूहळू सोडायचा असतो," हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस तिथे शोधूनच काढावा लागला असता.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. गाडी चालवणाऱ्याने तोंडाने बोलत राहायचं. जे दिसेल ते. "समोर सायकल. कडेला बाई, हातात पिशवी. आरशात टेम्पो, घाईत आहे." आधी दिसलं पाहिजे, मग तोंडातून निघालं पाहिजे आणि मग पाय हलला पाहिजे, असा त्यांचा क्रम. गप्प बसून गाडी चालवणारा माणूस त्यांच्या मते झोपलेलाच असायचा. नवशिके लाजायचे, हसायचे, उगाच घसा खाकरायचे. पण थोड्याच दिवसांत त्या गाडीतून रस्त्याचं असं काही समालोचन सुरू व्हायचं की सिग्नलला शेजारी थांबलेले लोक काच खाली करून ऐकायचे.

मास्तरांना एकच मुलगी. ती पाठीमागे उशी लावून गाडी शिकली, कारण तेव्हा तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते, आणि पुढे बापाच्याच ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवायला लागली. नियमांच्या बाबतीत ती मास्तरांच्याही वरताण. पट्टा लावल्याशिवाय गाडीत बसलेल्या स्वतःच्या सासऱ्यांना तिने भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. तेव्हापासून मास्तर तिला 'हवालदार' म्हणायचे. म्हणताना चेहरा त्रासलेला करायचे, पण आतून छाती फुगलेली असायची. सासरेबुवा मात्र अजून रिक्षानेच येतात.

तर अशा या मास्तरांचं बिनसलं ते एका साध्या सकाळी. चढाच्या रस्त्यावर एक शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती. मास्तर तिच्या शेजारी, पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक, आणि मागच्या सीटवर लेक, कारण तिला पुढे शाळेच्या ऑफिसात उतरायचं होतं. मुलगी रीतसर बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "सर, तुमच्या बाजूने सायकलवाला."

"कुठे आहे? नसलेलं बोलू नका."

"आहे सर, आत घुसतोय."

मास्तरांचा पाय हललाच नाही. शेवटी त्या पोरीनेच घाबरून ब्रेक दाबला, गाडी आचके देत बंद पडली आणि सायकलचं हँडल मास्तरांच्या बाजूच्या आरशाला घासून गेलं. कुणाला काही लागलं नाही. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. मास्तर काचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा कुठून टपकला?"

लेकीला तो सायकलवाला मागच्या सीटवरूनही केव्हाचा दिसत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला मास्तर तयार होईनात. शेवटी त्यांच्या बायकोने जेवण टाकायची धमकी दिली तेव्हा गेले. तिथे एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी ठेवून बसायचं असतं. आत कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मास्तरांनी काय करावं? यंत्र आत टिकटिकतं हे त्यांनी हेरलं आणि त्या टिकटिकीच्या तालावर बटण दाबत बसले. दिवे बघायचं काम कानांनी उरकलं. बाहेर येऊन विजयी मुद्रेने म्हणाले, "एकही सोडला नाही." डॉक्टर कागदाकडे बघून हसले आणि मग हसायचे थांबले. "काका," ते म्हणाले, "यातल्या बऱ्याच वेळी दिवा लागलाच नव्हता."

काचबिंदू होता. बराच पुढे गेलेला. त्यात समोरचं, मधलं नीट दिसतं, कडा जातात. आणि लबाडी अशी की गेलेल्या जागी काळोख दिसत नाही. मेंदू तिथे आपल्या पदरचं काहीबाही भरून टाकतो आणि माणसाला वाटत राहतं की सगळं जागच्या जागी आहे. म्हणूनच मास्तरांना कुणाचंही पटेना. "मी पेपर वाचतो. खालची बारीक जाहिरातसुद्धा वाचतो. तुझ्या आईला सुईत दोरा ओवून देतो. आणि तुम्ही मला आंधळा ठरवायला निघालात?" त्यांचं चूकही नव्हतं. ते दोरा ओवायचेच. फक्त सुई शोधून आई त्यांच्या हातात द्यायची.

लेकीने त्याच दिवशी गाडीची चावी आपल्या पर्समध्ये टाकली. बापाच्या हातातून चावी काढून घ्यायची म्हणजे काय, ते ज्याने घेतली आहे त्यालाच कळेल. तिने ती काढून घेतली आणि वर कडक आवाजात, "इथून पुढे गाडी मी बघेन," असंही म्हणाली, कारण मऊ आवाजात बोलली असती तर रडली असती.

मग मास्तर घरात बसले. बसले म्हणजे काय, बायकोच्या डोक्यावर मिरे वाटू लागले. खिडकीत खुर्ची टाकायची आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायची. "ऐक, ऐक, तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढवतोय गाढव." आई कंटाळून म्हणायची, "अहो, तो काही तुमच्याकडे शिकायला आलेला नाही." त्यावर मास्तर म्हणायचे, "तेच तर." हळूहळू तेही कमी झालं. जेवण कमी झालं, दाढी दिवसाआड झाली. शाळेत काय चाललंय हे विचारणं बंद झालं, आणि लेकीला तीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

तिचा नवरा स्वभावाने गरीब माणूस. भांडणात पडायचा नाही, पण गुपचूप काहीतरी करून टाकायचा. एक दिवस तो एक छोटा काळा डबा घेऊन आला. तळहातावर मावेल एवढा. टीव्हीला जोडायचा, सोबत दोन कंट्रोलर. आत जुन्या काळच्या गेमच्या मशीनची हुबेहूब नक्कल; एके काळी जे गेम खेळायला मशीनसमोर रांग लावावी लागे, ते सगळे त्या डब्यात निवांत झोपलेले. मास्तरांनी कधीतरी गप्पांच्या ओघात सांगितलेला गेम जावईबापूंनी शोधून काढला आणि काही न बोलता लावून दिला.

पडद्यावर तांबडी गाडी आली आणि सोबत ती ठेक्यातली टिणटिण सुरू झाली. मास्तर खुर्चीतून उठलेच.

"अरे! ही कुठून आणलीत?"

ही गोष्ट मास्तर मास्तर नव्हते तेव्हाची. मिसरूड फुटायच्या बेतातलं पोरगं, गॅरेजात हरकाम्या. बोल्ट धुवायचे, चहा आणायचा. गाड्यांखाली दिवस जायचा, पण स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही. जेवणाच्या सुट्टीत ते जवळच्या गेम पार्लरमध्ये पळायचे. तिथल्या मशीनला खरं स्टिअरिंग होतं, पायाशी खरा ब्रेक होता. गाव, मग पूल, मग जंगल, मग घाट आणि शेवटी समुद्राच्या कडेचा रस्ता. मध्ये फाट्याफाट्यांवरून ट्रक आत घुसायचे. मालकाने पुढे एकदा खरी गाडी हातात दिली तेव्हा मास्तरांनी ती पहिल्याच झटक्यात चालवून दाखवली. मालक चाट पडला. त्याला काय माहीत, या पठ्ठ्याने घाट कितीदा उतरलेला आहे!

आता स्टिअरिंगच्या जागी बोटभर दांडा होता. मास्तरांनी नाक मुरडलं, दोनचार वेळा गाडी शेतात घातली आणि मग त्यांचा हात बसला. बसायचे ते टीव्हीला चिकटून, छोटं स्टूल ओढून, कारण पार्लरात मशीनला नाक लावून खेळायची सवय. आणि खेळताना आपोआप तोंड सुरू झालं. "समोर जीप. पूल आला. डावीकडून ट्रक. घ्या बाजूला. शाबास." आई आतून ऐकायची आणि भाजी चिरता चिरता हसायची. घरातला आवाज परत आला होता. मास्तर पोटभर जेवायला लागले. रोज दाढी करून, शर्ट घालून खेळायला बसायला लागले. शेजारपाजारचे लोक डोकावून जायचे आणि मास्तर समुद्राच्या रस्त्याला लागले की टाळ्या वाजवायचे. लेकीचा जीव भांड्यात पडला. पडायला नको होता, पण पडला.

कारण मास्तरांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं.

"काय हवालदार," एक दिवस ते म्हणाले, "डोळे गेलेला माणूस हा घाट उतरवेल का?"

"बाबा, तो गेम आहे."

"गेममध्ये ट्रक दिसावा लागतो की नाही? मला दिसतो. तुझ्या देखत दिसतो. बोलूनही दाखवतो. त्या डॉक्टरच्या वाडग्यापेक्षा ही परीक्षा मोठी आहे. चावी दे."

आईही त्यांच्या बाजूने झाली. "एवढं बिनचूक चालवतायत, एखाद्या वेळी डॉक्टरचंही चुकतं," असं ती लेकीला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. तिला नवऱ्याचा हसरा चेहरा परत मिळाला होता आणि तो टिकवायला ती डॉक्टरांची पदवी खोटी ठरवायलाही तयार होती. त्यात औषधांच्या दुकानातली बाई. तिला गाडी शिकायची होती आणि तिचा हट्ट होता की शिकेन तर मास्तरांकडेच. मास्तरांनी कुणाला न विचारता तिला शब्द देऊन टाकला: सोमवारी सकाळी सुरू करू. त्या बाईला दोन लहान मुली होत्या आणि क्लासला येताना ती त्यांना मागच्या सीटवर बसवणार होती, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

आता नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. दुसरी चावी मास्तरांच्या कपाटात होती आणि ती कुठे आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांना पटलं तरच ते थांबणार होते.

त्या आठवड्यात लेक पहिल्यांदा नीट बसून बापाचा खेळ बघायला लागली. आधी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. आता पडद्याकडे बघितलं. मास्तर नेहमीसारखे बोलत होते. "पूल आला. डावीकडून ट्रक." आणि तांबडी गाडी बाजूला झाली. त्यानंतर डाव्या फाट्यावर ट्रक आला.

तिने पुन्हा बघितलं. जंगलातही तेच. घाटातही तेच. ट्रक पडद्यावर यायच्या आधी मास्तर तो बोलत होते. जुन्या गेमचं असंच असतं. त्यात नवीन काही घडत नाही. तोच ट्रक, त्याच फाट्यावर, गाडी तिथवर पोचली की ठरल्यासारखा निघणार. मास्तरांना तो गेम पोरवयापासून हाताबोटांत पाठ होता. ते रस्ता बघत नव्हते, पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणून दाखवत होते; टीव्हीला नाक लावून बसल्यावर पडद्याच्या कडा त्यांना दिसतच नव्हत्या. आणि वाईट हे की त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ट्रक दिसला असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. लेक जन्मभर त्यांच्याशी भांडत आली होती, पण ते खोटं बोलताहेत असं तिला कधी म्हणता आलं नव्हतं. आताही येत नव्हतं.

तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी डब्यातली सेटिंगं उघडून बघितली. मग म्हणाला, "त्या डब्यात एक सोय आहे. रस्ता आरशातल्यासारखा उलटा करता येतो. डावं वळण उजवीकडे जातं, डावीकडचा ट्रक उजवीकडून येतो. चालवणं तसंच राहतं, उजवीकडे दाबलं की गाडी उजवीकडेच जाते. फक्त पाठ केलेलं उपयोगाला येत नाही."

मास्तर दाढीचं सामान आणायला खाली गेले असताना तिने तो उलटा रस्ता स्वतः चालवून बघितला. तिला गेमचा गंधही नव्हता. तरी अडखळत का होईना, पुलापलीकडे गेली. ट्रक कडेला दिसला की ब्रेक दाबायचा, एवढंच तर होतं. तिला मनातून वाटत होतं की आपल्याला जमू नये.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तरांनी स्वतःच विषय काढला. उद्याचे कपडे त्यांनी खुर्चीवर काढून ठेवले होते.

"बाबा," लेक म्हणाली, "आज रस्ता उलटा करून चालवून दाखवा. डावीकडचं उजवीकडे. तुम्ही शेवटपर्यंत गेलात तर चावी मी स्वतः तुमच्या हातात देईन."

"आणि नाही गेलो तर?"

"तर परत मागायची नाही."

मास्तर खो खो हसले. "अगं, आरशात बघून गाडी मागे घेण्यात माझं आयुष्य गेलं. मला उलट्या रस्त्याची भीती घालतेस? लावा हो जावईबापू!"

आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. जावयाने रस्ता उलटा केला आणि नजर चुकवून मागे सरकला. टिणटिण सुरू झाली. मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं.

पहिल्याच वळणाला गाडी शेतात गेली. "होतं असं," मास्तर म्हणाले. "हाताला सवय नाही." दुसऱ्यांदा त्यांनी वळण घेतलं, अगदी झकास घेतलं, आणि आईने लेकीकडे बघितलं. गाव मागे पडलं. "समोर जीप. पूल आला," मास्तर बोलत होते. "डावीकडून ट्रक." त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. ट्रक उजवीकडूनच येत होता. आला, फाट्यावरून रस्त्यावर चढला, मोठा झाला, आणि मास्तरांनी त्याच्या तोंडात गाडी नेऊन घातली.

"हा कुठून आला?"

त्यांनी परत सुरू केलं. आता त्यांनी डावीकडून म्हणायचं सोडून दिलं आणि "उजवीकडून, उजवीकडून," असं पुटपुटत राहिले. पुलाजवळचा ट्रक त्यांनी तसा चुकवला. एकदा कळल्यावर तोही पाठ झाला होता. पण पुढे जंगलात दुसरा होता. तो त्यांना लागला. मग घाटाच्या तोंडाशी एक. प्रत्येक वेळी ते गाडी आदळल्यावर दचकायचे. आदळायच्या आधी एकदाही नाही. खेळता खेळता त्यांचं बोलणं बंद पडलं. शर्ट पाठीला चिकटला. आई म्हणाली, "पुरे झालं हो." ते थांबले नाहीत.

शेवटी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर धूर निघत होता आणि टिणटिण चालूच होती.

"तुम्हाला तो ट्रक आधी दिसतो?" त्यांनी विचारलं. विचारताना लेकीकडे बघितलं नाही.

"दिसतो, बाबा."

"कधी?"

"लांबून. कडेला उभा असतो तेव्हापासून."

"सगळ्यांना?"

जावई हळूच "हो" म्हणाला. मास्तरांनी बायकोकडे मान वळवली. तिला खोटं बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंही. मग पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

"अच्छा," मास्तर म्हणाले. "म्हणजे तो सायकलवाला टपकला नव्हता तर."

ते उठले, कपाटातली दुसरी चावी काढली, टेबलावर ठेवली आणि खुर्चीवरचे उद्याचे कपडे घडी करून परत आत ठेवून दिले. लेकीने बापाला रागावलेलं बघितलं होतं, चिडलेलं, ओरडलेलं बघितलं होतं. इतकं शहाण्यासारखं वागताना कधी बघितलं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

सोमवारी सकाळी औषधवाली बाई गाडीत बसली तेव्हा लेकीला पुढची हकिगत कळली. रविवारी संध्याकाळी मास्तर स्वतः दुकानात गेले होते. रस्ता ओलांडताना त्यांनी आईचा दंड धरला होता, हे त्या बाईने काउंटरवरून बघितलं होतं.

"म्हणाले, माझी लेक शिकवेल. माझ्यापेक्षा बरी शिकवते आणि बोलणी कमी खावी लागतात. मी म्हटलं, पण मास्तर, ठरलं होतं ना आपलं? तर म्हणाले, माझे डोळे गेलेत बाई. एवढ्या सहज म्हणाले, मला वाटलं चेष्टा करतायत." बाईने क्लच सोडला, गाडीने आचका दिला. मागच्या सीटवर दोन्ही मुली खिदळल्या. "आता बोलायचं ना? समोर... समोर रिकामा रस्ता. बाजूला भाजीची हातगाडी."

"बोला," लेक म्हणाली. तिचा पाय जादा ब्रेकवर तयार होता आणि डोळे भरून आलेले होते. "बोलत राहा."

त्यानंतर मास्तरांनी चावीचं नाव काढलं नाही. शब्दाला ते जागले. डोळ्यांत औषध घालून घ्यायचे, काठी घेऊन चालायचे, वाटेत कुणी भेटलं तर आपणहून "समोरून या, समोरचं बरं दिसतं," असं सांगायचे. डॉक्टर खूश होते. आईही म्हणायची, चला, मार्गी लागलं. पण तो काळा डबा टीव्हीखाली तसाच पडून होता. आईने त्याच्यावर एक फडकं घातलं होतं. दाढी पुन्हा दिवसाआड झाली. खिडकीखालून तिसऱ्या गिअरमध्ये कितीही गाढवं चढ चढवून गेली तरी मास्तर काही बोलत नसत.

लेकीने केलं ते बरोबरच होतं. पुन्हा वेळ आली असती तर तिने पुन्हा तेच केलं असतं, त्या दोन मुलींकडे बघून तर नक्कीच. पण रस्त्यावरची गाडी काढून घ्यायला गेलेली ती, घरातली गाडीही घेऊन आली होती. त्या गाडीने कुणाचं काय वाईट केलं असतं? ना कुणी मरणार होतं, ना कुणाला धक्का लागणार होता. म्हाताऱ्याला वाटत होतं की आपल्याला दिसतं, तर वाटू द्यायचं होतं. हे सगळं तिला तेव्हाही कळत होतं. दुसरा मार्गच सापडला नव्हता.

एका दुपारी तिने फडकं काढलं, डबा जोडला आणि रस्ता पहिल्यासारखा सरळ करून ठेवला. दोनदा तपासून घेतला. मग स्टूल ओढून दिलं आणि कंट्रोलर बापाच्या हातात ठेवला.

"बाबा, सरळ रस्ता आहे. तुमचाच. पूर्वीचा."

"कशाला गं?"

"मला बघायचंय. माझ्यासाठी एकदा."

लेकीला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते बसले. टिणटिण सुरू झाली. गाव आलं. त्यांची बोटं दांड्यावर होती तशीच होती, पण मान स्थिर नव्हती. ती एकदा डावीकडे जायची, एकदा उजवीकडे. पूल आला. डाव्या फाट्यावरून तो नेहमीचा ट्रक निघाला, त्यांच्या पोरवयापासून जिथून निघत आला होता तिथूनच. मास्तर तेव्हा उजवी कड शोधत होते. गाडी ट्रकवर आदळली.

लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "बाबा, ट्रक शोधू नका. तुम्हाला सगळं पाठ आहे. बघू नका, नुसतं आठवा."

"कळतंय गं," मास्तर म्हणाले. "पण आता बघितल्याशिवाय राहवत नाही."

त्यांनी पुन्हा सुरू केलं. गाव गेलं, पूल आला, गाडी आदळली. त्यांनी पुन्हा सुरू केलं. लेक शेजारी बसून राहिली. बंद करू का, असं विचारायची तिची छाती झाली नाही.